मनोविकारसेवेचे प्रशिक्षण : वनभागातील विचार

भामरागडहून नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. घरातील माणूस रात्र-रात्र झोपत नाही, एकटाच बडबडतो, रानात निघून जातो, तेव्हा कुटुंब प्रथम पुजाऱ्याकडे धाव घेते. त्यात दोष तो कोणता? पुजारी जवळ असतो आणि त्यांची भाषा बोलतो.

भारतात एक लाख लोकसंख्येमागे एक मनोविकारतज्ज्ञही नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार मनोविकार असलेल्या शंभरांपैकी ऐंशीहून अधिक व्यक्ती उपचारांवाचून राहतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनभागाने तज्ज्ञांची केवळ वाट पाहत बसणे योग्य नव्हे.

याच गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून नवजात बालकांच्या घरगुती सेवेचे शिक्षण दिले. तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. मनाच्या आजाराबाबत असाच अनुभव गोव्यात ‘संगथ’ संस्थेला आला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ भेटींत संवाद साधला व त्यांस गुण आला, असे २०१७ मध्ये सिद्ध झाले. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ उपक्रमानंतर नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ४ वरून २७ वर गेले.

तथापि केवळ वर्ग भरवून हे साधत नाही. गोव्यातील समुपदेशकांना प्रारंभीच्या वर्गानंतर कित्येक महिने प्रत्यक्ष रुग्णांसोबत उमेदवारी करावी लागली. संभाषणे ध्वनिमुद्रित करून ती सर्वांनी मिळून ऐकली व एकमेकांच्या चुका दाखविल्या. आपल्याकडील दोन दिवसांच्या शिबिरांत नेमका हाच भाग गळतो. शिवाय येथील रुग्ण ‘मी उदास आहे’ असे क्वचितच म्हणतो; डोके दुखते, हातापायांत जीव नाही, भूक लागत नाही, असे सांगतो. हे शब्द माडिया-गोंडीत कसे उच्चारले जातात, ते बाहेरच्या प्रशिक्षकाने प्रथम आशा कार्यकर्तीकडूनच शिकावे.

भ्रम, भास किंवा आत्महत्येचा विचार आढळल्यास मात्र समुपदेशन पुरेसे नाही. वैद्यकीय अधिकाऱ्याकडे नेणे आणि औषध मध्येच न तोडू देणे हेच कार्यकर्तीचे काम होय. २०२२ पासून ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर सल्ला मिळतो, पण ज्या गावात दूरध्वनीची लहर पोहोचत नाही, तेथे रुग्णासोबत कोणी जावे आणि गाडीभाडे कोणी द्यावे, हे ग्रामसभेने आधीच ठरवून ठेवावे.