शेळ्या राखणारा लुका आणि त्याचा फुटबॉल



गुरुजींनी या वेळी चौथीच्या मुलांना सांगितले, की प्रत्येकाने एका खेळाडूचा पाठ तयार करायचा. बहुतेक सगळ्यांनी क्रिकेटचे खेळाडू घेतले. मी फुटबॉलचा घेतला. त्याचे नाव लुका मॉड्रिच. मी तोच का घेतला, ते पाठ वाचताना तुम्हाला आपोआप कळेल.

लुकाचा देश

युरोपच्या नकाशात इटलीचा बुटासारखा आकार सगळ्यांना लगेच सापडतो. त्या बुटाच्या पूर्वेला एड्रियाटिक समुद्र आहे. समुद्राच्या पलीकडच्या काठावर क्रोएशिया नावाचा देश आहे. हा देश लहान आहे. २०२१ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या सुमारे ३९ लाख भरली. आपल्या एकट्या पुणे जिल्ह्याची लोकसंख्या २०११ साली ९४ लाख होती. म्हणजे तो अख्खा देश पुणे जिल्ह्याच्या निम्मासुद्धा नाही.

लुकाचा जन्म ९ सप्टेंबर १९८५ रोजी झादार या समुद्रकाठच्या शहरात झाला. तेव्हा क्रोएशिया वेगळा देश नव्हता. तो युगोस्लाव्हिया या मोठ्या देशाचा भाग होता.

आजोबा आणि शेळ्या

लुकाचे आईवडील कामाला जात. म्हणून लहानपणी लुका पुष्कळ वेळ आजोबांजवळ असे. वेलेबित नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी रस्त्याच्या कडेला आजोबांचे दगडी घर होते. आजोबांचे नावही लुकाच. आजोबांचेच नाव नातवाला ठेवले होते. आपल्याकडेही असे पुष्कळ घरी असते.

लुका पाच वर्षांचा असतानाचे एक चलच्चित्र आहे. गुरुजींनी ते आम्हाला मोबाईलवर दाखवले. त्यात छोटा लुका डोंगरावर शेळ्या राखताना दिसतो. ते पाहून आमचा वर्ग हसायला लागला. कारण आमच्यातली निम्मी पोरं सुट्टीच्या दिवशी हेच काम करतात. मग कुणीतरी म्हणाले, "हा तर आपल्यासारखाच आहे!" गुरुजी म्हणाले, "होय, पण पुढचे ऐका." मग सगळे गप्प झाले.

१९९१ साली क्रोएशियाने युगोस्लाव्हियापासून वेगळे व्हायचे ठरवले आणि युद्ध सुरू झाले. ते १९९५ पर्यंत चालले. डिसेंबर १९९१ मध्ये हत्यारबंद लोकांनी लुकाच्या आजोबांना मारून टाकले. त्यांचे घरही जाळले. तेव्हा लुका फक्त सहा वर्षांचा होता.

लुकाच्या आईवडिलांना घर सोडून पळावे लागले. ते झादार शहरात निर्वासित म्हणून आले. निर्वासित म्हणजे ज्याला आपले घरदार सोडून दुसरीकडे आसरा घ्यावा लागतो तो. सरकारने अशा लोकांची हॉटेलांमध्ये सोय केली होती. हॉटेल म्हटले की आपल्याला वाटते मजा असेल. पण एका खोलीत सगळे कुटुंब, आणि बाहेर तोफगोळे पडतात, ही कसली मजा! लुकाचे कुटुंब अशा हॉटेलांत कितीतरी वर्षे राहिले. वडील सैन्यात गेले होते. पैशाची फार ओढाताण होती.

प्राथमिक शाळेत असताना लुकाने भीती या विषयावर एक निबंध लिहिला होता. त्यात त्याने आजोबा कसे गेले ते लिहिले. मला वाटते, तो निबंध लिहिताना त्याला रडू आले असेल.

गाड्यांच्या जागेवर फुटबॉल

हॉटेलसमोर गाड्या उभ्या करायची जागा होती. तिथे लुका दिवसभर चेंडू खेळायचा. तोफगोळ्यांचा भोंगा झाला की आत पळायचे आणि भोंगा थांबला की पुन्हा चेंडू. तिथल्या लोकांनी हे पाहिले आणि झादारच्या फुटबॉल संघाला कळवले, की एक बारीक पोरगा आहे, तो चेंडू सोडतच नाही. मग त्याला संघाच्या शाळेत घेतले.

तिथे त्याला तोमिस्लाव बाशिच नावाचे गुरुजी भेटले. फुटबॉल खेळताना नडगीला मार लागू नये म्हणून पट्ट्या बांधतात. लुकाच्या घरच्यांना त्या विकत घेणे जमेना. तेव्हा बाशिच गुरुजींनी लाकडाच्या पट्ट्या करून दिल्या. मला पाठातली ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

"हा फार लहान आहे"

क्रोएशियात स्प्लिट नावाचे शहर आहे. तिथला हायदुक संघ फार मोठा आणि जुना. लुका साधारण बारा वर्षांचा असताना तिथे चाचणीला गेला. त्यांनी त्याला घेतले नाही. का? तर तो अंगाने फार बारीक आणि लहान आहे म्हणून.

मित्रांनो, हे ऐकून कसे वाटते ते मला माहीत आहे. प्रार्थनेच्या रांगेत मी सर्वांत पुढे असतो, म्हणजे सर्वांत बुटका. कबड्डीचे गडी निवडताना मला शेवटी घेतात. कधीकधी घेतच नाहीत. म्हणतात, "तू नुसता बघ."

लुका रडत घरी गेला असेल. पण खेळ सोडून बसला नाही. बाशिच गुरुजींनीही त्याला सोडले नाही. पुढे त्यांनीच खटपट करून त्याला राजधानी झाग्रेबच्या डायनामो संघात नेले.

डायनामोने २००३ साली त्याला एका वर्षासाठी शेजारच्या बोस्निया देशातल्या मोस्टार गावी खेळायला पाठवले. तिथले सामने फार दांडगाईचे. अठरा वर्षांचा बारका लुका तिथे मोडून पडेल असे लोकांना वाटले. पण त्या वर्षी तिथल्या स्पर्धेचा उत्तम खेळाडू तोच ठरला. नंतर लुका म्हणाला, की जो तिथे खेळू शकतो तो कुठेही खेळू शकतो.

२००५ साली डायनामोने त्याच्याशी दहा वर्षांचा करार केला. हातात पैसे आले. त्या पैशातून त्याने काय घेतले असेल? मोटार? नाही. त्याने झादारमध्ये आईवडिलांना घर घेऊन दिले. इतकी वर्षे निर्वासित असलेल्या माणसांना स्वतःचे दार मिळाले.

मधल्या फळीचे काम

आता थोडा अभ्यास. फुटबॉलच्या एका संघात ११ खेळाडू असतात. एक गोल राखतो. त्याच्या पुढे बचाव करणारे असतात. सर्वांत पुढे गोल मारणारे असतात. आणि या दोघांच्या मध्ये जे खेळतात ती मधली फळी. लुका मधल्या फळीत खेळतो.

मधल्या खेळाडूला दोन्हीकडे धावावे लागते. आपल्यावर हल्ला आला की मागे जायचे, चेंडू मिळाला की पुढे न्यायचा. एका सामन्यात असा खेळाडू दहा किलोमीटरच्या आसपास धावतो. गोल मात्र बहुतेक वेळा दुसराच मारतो.

माझे बाबा रात्री शेतात दारं धरायला जातात. पाटाचे पाणी कोणत्या सरीत सोडायचे, कुठे बांध घालायचा, कुठे फोडायचा, हे दारं धरणारा ठरवतो. पीक आले की लोक म्हणतात, पीक छान आहे. दारं कुणी धरली ते कोणी विचारत नाही. मधला खेळाडू तसाच असतो.

एक उदाहरण देतो. २००८ साली लुका इंग्लंडच्या टॉटनहॅम संघात गेला आणि २०१२ साली स्पेनच्या रेआल माद्रिद संघात. तिथे पहिल्याच वर्षी एका वृत्तपत्राने वाचकांना विचारले, की या हंगामातला सर्वांत वाईट नवा खेळाडू कोण? वाचकांनी लुकाचे नाव दिले. तो काही बोलला नाही. खेळत राहिला.

मग २०१४ साल आले. २४ मे रोजी लिस्बन शहरात चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना होता. ही युरोपातल्या संघांची सर्वांत मोठी स्पर्धा. ९० मिनिटे संपली तरी माद्रिद एका गोलने मागे. वाया गेलेल्या वेळेची भरपाई म्हणून दिलेली शेवटची मिनिटे चालली होती. लुकाने कोपऱ्यावरून चेंडू उचलून बरोबर मध्ये टाकला आणि रामोसने डोक्याने गोल केला. बरोबरी झाली आणि पुढे माद्रिदने सामना ४-१ ने जिंकला. लोक रामोसचा गोल म्हणतात. तो चेंडू कुणी दिला ते आता तुम्हाला माहीत झाले.

चुकला, तरी पुन्हा पुढे आला

२०१८ साली रशियात विश्वचषक झाला. लुका क्रोएशियाचा कर्णधार होता आणि ३२ वर्षांचा होता. डेन्मार्कविरुद्धचा सामना १-१ असा बरोबरीत होता. जादा वेळ संपत आली असताना क्रोएशियाला पेनल्टी मिळाली. पेनल्टी म्हणजे गोलपासून ११ मीटरवर चेंडू ठेवायचा आणि समोर फक्त गोलरक्षक. लुकाने मारली. गोलरक्षकाने अडवली! सगळा देश हळहळला.

सामना बरोबरीतच सुटला. मग दोन्ही संघांनी पाच पाच पेनल्ट्या मारायच्या असे ठरते. काही मिनिटांपूर्वी चुकलेला माणूस पुन्हा जाईल का? लुका गेला. त्याच गोलरक्षकासमोर उभा राहिला आणि या वेळी गोल केला. क्रोएशिया ३-२ ने जिंकला.

पुढे रशियाशी आणि इंग्लंडशी झालेले सामनेही जादा वेळेत गेले. जादा वेळ ३० मिनिटांची असते. आता गणित करा : ३० + ३० + ३० = ९०. म्हणजे क्रोएशियाचे खेळाडू दुसऱ्यांपेक्षा एक अख्खा सामना जास्त खेळून अंतिम सामन्याला आले. १५ जुलै २०१८ रोजी मॉस्कोत फ्रान्सने त्यांना ४-२ ने हरवले. स्पर्धेतला उत्तम खेळाडू म्हणून लुकाला सोन्याचा चेंडू मिळाला. बक्षीस हातात होते, पण त्याचे तोंड उतरलेले होते. देश हरला होता ना! तरीही ते झाग्रेबला परत आले तेव्हा स्वागताला लाखो लोक रस्त्यावर उभे होते.

त्याच वर्षी लुकाला बॅलन डी ओर हे जगातले फार मोठे बक्षीस मिळाले. त्याआधी ओळीने दहा वर्षे ते फक्त मेस्सी आणि रोनाल्डो या दोघांनाच मिळत होते.

२०२२ च्या विश्वचषकात क्रोएशिया तिसरा आला. २०२४ साली युरोपच्या स्पर्धेत इटलीविरुद्ध लुकाची पेनल्टी पुन्हा अडवली गेली. तेव्हा तो ३८ वर्षांचा होता. मान खाली घालून उभा राहिला असता तर कोणी काही म्हटले नसते. पण साधारण एका मिनिटातच त्याने गोल केला! शेवटी इटलीने बरोबरी केली आणि क्रोएशिया स्पर्धेबाहेर गेला, तो भाग वेगळा.

माद्रिदमध्ये तो १३ वर्षे खेळला. तिथे त्याने २८ चषक जिंकले. त्यांत चॅम्पियन्स लीगचे सहा आहेत. त्या संघाच्या इतिहासात इतके चषक त्याच्याआधी कुणीच जिंकले नव्हते. २०२५ साली, चाळिशीला आला असताना, तो इटलीतल्या मिलान संघात गेला. २०१० साली त्याचे वान्या हिच्याशी लग्न झाले. त्यांना एक मुलगा आणि दोन मुली आहेत.

लुकाची उंची १७२ सेंटिमीटर आहे. फुटबॉलमध्ये ही काही फार उंची नव्हे. म्हणजे "हा लहान आहे" असे म्हणणारे खोटे बोलले नव्हते. तो लहानच होता. पण लहान आहे म्हणून जमणार नाही, हे मात्र त्यांचे चुकले.

पालकांना एक विनंती आहे. आमच्यातले कोणी अंगाने बारीक असेल, कोणी अभ्यासात मागे असेल. "याला काय जमणार" असे त्याच्यासमोर म्हणू नका. लाकडाच्या पट्ट्या करून देणारे एक माणूस पुष्कळ होते.

आणि मित्रांनो, उद्या मधल्या सुट्टीत गडी निवडाल तेव्हा मला शेवटी घेतले तरी चालेल. पण घ्या.

प्रश्न

१. लुकाला आजोबांचे नाव का मिळाले असावे?
२. निर्वासित म्हणजे काय? तुमच्या शब्दांत सांगा.
३. गाळलेली जागा भरा : फुटबॉलच्या एका संघात ...... खेळाडू असतात.
४. मधल्या फळीतल्या खेळाडूचे काम कोणते?
५. क्रोएशिया देश नकाशात शोधा व त्याची राजधानी सांगा.
६. तुमच्या गावात दुसऱ्याला पुढे करणारे, पण स्वतः न दिसणारे कोण आहे? त्याच्यावर पाच ओळी लिहा.

— इयत्ता ४ थी