डोकेदुखी आणि मज्जातंतूंना चेतविणारी यंत्रे

‘डोके दुखते’ ही तक्रार ज्या घरात नाही असे घर विरळाच. आणि तिची जेवढी हेळसांड होते तेवढी दुसऱ्या कोणत्या दुखण्याची होत नसेल. अर्धशिशीने बेजार झालेली बाई अंधाऱ्या खोलीत पडून राहिली की तिच्यावर कामचुकारपणाचा आळ येतो. तो टाळण्यासाठी ती गोळी घेऊन स्वयंपाकाला उभी राहते. पण साधी वेदनाशामक गोळीदेखील महिन्यातून १५ वा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ घेत राहिल्यास ती गोळीच डोकेदुखीचे कारण होऊन बसते. तेव्हा गोळीवाचून काही उपाय आहे काय, हा प्रश्न रिकामटेकडेपणाचा नव्हे.

विजेने डोकेदुखी शमविण्याची कल्पना मात्र जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस या रोमन वैद्याने, अंगात वीज असलेला जिवंत मासा दुखऱ्या जागी ठेवावा आणि जागा बधिर झाली की काढावा, असे लिहून ठेवले आहे. आज माशाचे काम तळहातावर मावणारे यंत्र करते. त्यात सुई नाही, शस्त्रक्रिया नाही.

मेंदूपासून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या आहेत. त्यांतील पाचवी चेहऱ्याची व कपाळाची संवेदना मेंदूकडे नेते. तिची एक फांदी भुवईवरून कपाळात येते. अर्धशिशीच्या वेदनेचा मार्ग हाच. सेफाली नावाच्या यंत्राची पट्टी कपाळाला चिकटवून तेथे विजेचे सौम्य स्पंद देतात. त्याची बेल्जममधील परीक्षा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. ६७ रोगी, रोज २० मिनिटे, तीन महिने. काहींना खरे यंत्र दिले. काहींना दिसण्यात तसेच, पण नाममात्र वीज देणारे. खऱ्या यंत्राच्या गटात शेकडा ३८ जणांचे दुखण्याचे दिवस निम्म्यावर वा त्याहून खाली आले; खोट्या यंत्राच्या गटात शेकडा १२ जणांचे. पुढे मार्च २०१४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याच्या विक्रीस परवानगी दिली.

हे शेकडा बारा लोक आम्हांस फार बोलके वाटतात. त्यांना उपचार असा मिळालाच नाही, तरी त्यांचे दुखणे निम्मे झाले! शेजारणीला गुण आला एवढ्यावरून यंत्र विकत घेऊ नये ते याचसाठी. आणि खरे यंत्र वापरूनही निम्म्याहून अधिक लोकांना तेवढा उतार पडला नाही, हेही विसरू नये.

दुसरे यंत्र, गॅमाकोअर, मानेवर धरतात. ते दहाव्या मज्जातंतूला चेतविते. एका डोळ्याभोवती भयंकर कळा येऊन डोळ्यातून पाणी वाहते, अशी जी डोकेदुखी असते तिच्यासाठी अमेरिकेत त्यास २०१७ मध्ये मान्यता मिळाली. मात्र अधूनमधून पाळी येणाऱ्या प्रकारातच त्याचा चालू कळेवर गुण दिसला. बारमाही प्रकारात दिसला नाही.

तिसरे, नेरिव्हिओ, चक्क दंडाला बांधतात. डोके दुखते आणि उपचार दंडाला, हे ऐकून हसू येईल. पण शरीराच्या एका भागी ठळक संवेदना पोचली की मेंदूची स्वतःची वेदना आवरणारी यंत्रणा जागी होते व दुसरीकडची वेदनाही दबते. दुखणे सुरू होताच लावून ४५ मिनिटे ठेवावयाचे. जोर मोबाइलवरून कमीजास्त करता येतो. आमच्याच हैदराबादेतील डॉ. रेड्डीज कंपनीने २०२३ मध्ये ते भारतात आणले.

हृदयाच्या ठोक्यांसाठी पेसमेकर बसविलेल्यांनी ही यंत्रे वापरू नयेत; फेफरे येणाऱ्यांनी वा डोक्यात धातूचा तुकडा असणाऱ्यांनी डॉक्टरांस विचारल्यावाचून हात लावू नये. आणि विजेसारखी एकाएकी कडाडलेली डोकेदुखी, ताप व ताठरलेली मान, हातापायातील शक्ती जाणे, बोबडी वळणे, दृष्टी अंधुक होणे, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेले दुखणे, यांपैकी काही असल्यास यंत्राचा विचारही न करता तडक इस्पितळ गाठावे.

यंत्र घेण्याआधी एक वही घालावी. दुखणे कोणत्या तारखेस, किती तास, किती गोळ्या घेतल्या, झोप किती झाली, त्या दिवशी उपवास वा रोजा होता काय, हे सारे टिपावे; कारण उपाशी पोटीही अर्धशिशी उठते. ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी. रोज लावावयाचे यंत्र घेतल्यावरही टिपणे चालू ठेवावीत, आणि तीन महिन्यांत दुखण्याचे दिवस घटले नाहीत तर यंत्र बंद करून पुन्हा डॉक्टरांकडे जावे.