विंचूदंशावरील लेखांचा शोध : पबमेडची सूचि कशी पाहावी

विंचू ही गोष्ट शेतकऱ्यास नवी नाहीं. बांधाचे दगड उकलतांना, गंजी हलवितांना, अथवा रात्रीं पाण्याची पाळी धरण्यास जातांना कोणास ना कोणास दंश होतोच. काळ्या विंचवाच्या दंशानें वेदना पुष्कळ होतात. परंतु अंगानें लहान असा लाल विंचू चावला, तर दरदरून घाम सुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, आणि कधीं कधीं फुप्फुसांत पाणी होऊन माणूस दगावतो. अशा वेळीं कोणी मंत्र सुचवितो, कोणी झाडपाला सांगतो, कोणी अमुकच सुई घ्या म्हणतो. यांपैकीं कशास परीक्षेचा आधार आहे, हें पाहण्याची सोय आतां शेतकऱ्याच्या घरांतही झालेली आहे. ती कशी वापरावी, एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे. मात्र आरंभींच बजावून ठेवितों कीं, माणूस तळमळत असतां सूचि उघडून बसूं नये. त्यास तडक दवाखान्यांत न्यावें. हा अभ्यास सवडीचा आहे.

अमेरिकेंत मेरीलँड राज्यांत बेथेस्डा येथें नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन हें सरकारी वैद्यकीय ग्रंथालय आहे. पूर्वी तें लष्कराच्या सर्जन जनरलच्या कचेरीचें ग्रंथालय होतें. तेथील जॉन शॉ बिलिंग्ज यांनीं १८७९ सालीं वैद्यकीय नियतकालिकांतील लेखांची छापील सूचि सुरू केली. तिचें नांव इंडेक्स मेडिकस. ती २००४ अखेर छापणें बंद झालें, कारण तोंपर्यंत सर्व काम संगणकावर गेलें होतें. पबमेड हें त्याच सूचीचें इंटरनेटवरील रूप होय. तें १९९६ सालीं सुरू झालें व १९९७ पासून सर्वांस विनामूल्य खुलें आहे. आज त्यांत साडेतीन कोटींहून अधिक लेखांच्या नोंदी आहेत. मोबाइलवरही तें उघडतें, व त्यास नांव नोंदवावें लागत नाहीं.

पबमेड ही सूचि आहे, दप्तर नव्हे, हें प्रथम लक्षांत घ्यावें. प्रत्येक नोंदींत लेखाचें नांव, लेखक, नियतकालिक, साल आणि बहुधा लेखाचा गोषवारा असतो. संपूर्ण लेख मूळ नियतकालिकाकडे असतो. कांहीं फुकट वाचावयास मिळतात, कांहींस दाम पडतो. 'फ्री फुल टेक्स्ट' या चौकटींत खूण केली म्हणजे फुकट मिळणारे तेवढेच लेख पुढें येतात.

आतां शोधाची रीत. पान उघडतांच एक रिकामी पेटी दिसते. तींत मराठी लिहून उपयोग नाहीं, इंग्रजीच लिहावें लागतें. खालील इंग्रजी शब्द आम्हीं देवनागरींत छापले आहेत एवढेंच. स्पेलिंगाची खात्री नसेल तर शाळेंत जाणाऱ्या मुलास जवळ बसवावें. नुसतें 'स्कॉर्पियन' लिहिलें तर हजारों नोंदी येतात, आणि त्यांतील बहुतेक विषाच्या रसायनावरील, आपल्या कामाच्या नव्हेत. त्याऐवजीं 'स्कॉर्पियन स्टिंग अँड प्राझोसिन' असें लिहावें. यांतील 'अँड' मोठ्या अक्षरांत लिहावा. त्यायोगें दोन्ही गोष्टी ज्यांत आहेत अशाच नोंदी उरतात. 'ऑर' घातला तर दोहोंपैकीं कोणतीही असलेल्या येतात. 'नॉट' हा शब्द जपून वापरावा. नको असलेल्याबरोबर हवें असलेलेंही तो बाहेर काढतो. लेखकाच्या नांवानें शोधावयाचें तर आडनांव आधीं व आद्याक्षरें मागून लिहावींत.

खरी अडचण नांवांची आहे. आमची हयात महसूल खात्याच्या दप्तरांत गेली, म्हणून ही गोष्ट आम्हांस विशेष जाणवते. एकत्रीकरण होऊन गट नंबर पडले, त्यानंतर नव्या गट नंबरानें जुना कागद मागणारा खातेदार हात हालवीत परत जातो. जुना सर्वे नंबर सांगितला कीं तोच कागद निघतो. लाल विंचवाचें तसेंच झालें आहे. त्याचें शास्त्रीय नांव पूर्वी बुथस टॅम्युलस असें लिहीत, पुढें मेसोबुथस टॅम्युलस झालें, आणि आतां हॉटेन्टोटा टॅम्युलस म्हणतात. प्राणी एकच; परंतु नव्या नांवानें शोधणाऱ्याच्या हातीं जुने लेख लागतीलच असें नाहीं. यास्तव तिन्ही नांवें 'ऑर'नें जोडून कंसांत घालावींत.

ही अडचण ग्रंथालयानेंही ओळखली आहे. १९६० पासून तेथें ठराविक मथळ्यांची एक याद ठेविलेली आहे; तीस मेश म्हणतात. लेखकानें कोणताही शब्द वापरलेला असो, लेखास यादींतील मथळा लावतात. विंचूदंशास 'स्कॉर्पियन स्टिंग्ज' हा मथळा आहे. आपण साधा शब्द लिहिला तरी पबमेड त्याचा मथळा शोधून दोन्ही प्रकारें पाहतें. तें काय समजलें, हें 'अ‍ॅडव्हान्स्ड' या पानावर तपशीलवार दिसतें. तें पाहण्याची संवय ठेवावी. शब्द अवतरणचिन्हांत घातले तर हें भाषांतर बंद पडतें. शिवाय सर्वच नोंदींस मथळे लावलेले नसतात, म्हणून मथळा आणि साधा शब्द दोन्ही वापरणें बरें.

या शोधांतून काय निघतें तें पाहूं. महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे लेख प्रथम नजरेस येतात. लाल विंचवाच्या दंशानंतर हृदयावर होणाऱ्या परिणामाचीं पूर्वलक्षणें त्यांनीं १९८२ सालीं लंडनच्या लॅन्सेट पत्रांत मांडलीं, आणि रक्तदाबावरील प्राझोसिन हें औषध या दंशावर वापरल्याचा अनुभव १९८६ सालीं त्याच पत्रांत दिला. कोंकणांतील खेड्यांत जमविलेलें ज्ञान लंडनांत छापलें गेलें, अमेरिकेंत सूचींत नोंदलें गेलें, आणि महाडच्या शेजारच्या गांवांतील शेतकऱ्यास तें ठाऊक नसावें, हें आम्हांस फार खटकतें.

त्यांचाच २०११ सालचा एक लेख ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें आहे व तो फुकट वाचावयास मिळतो. सत्तर रोग्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें ३५-३५ चे दोन गट केले. एका गटास नुसतें प्राझोसिन दिलें, दुसऱ्यास प्राझोसिनबरोबर विंचवाच्या विषावरील प्रतिविष दिलें. दहा तासांत पूर्ण बरे झालेले पहिल्या गटांत ८, दुसऱ्यांत ३२. बरे होण्यास सरासरी वेळ पहिल्यांत सुमारें १८ तास, दुसऱ्यांत ८. घाईनें वाचणारा यावरून प्राझोसिन निरुपयोगी असें म्हणेल. तसें नव्हे, तें दोन्ही गटांस दिलेलेंच होतें. परीक्षा होती ती प्रतिविषाची भर घालण्याची. कोणास कोणतें औषध दिलें हें डॉक्टरांपासून लपविलेलें नव्हतें, व रोगी सत्तरच होते, हेंही त्याच गोषवाऱ्यावरून कळतें. अशा रीतीनें वाचावें.

नोंद सूचींत आहे म्हणजे तीवर सरकारची मोहर झाली, असें समजूं नये. ग्रंथालय लेखांतील मजकुराची हमी घेत नाहीं. उंदरांवरील प्रयोग, एकाच रोग्याची हकीकत आणि शेंकडों रोग्यांवरील परीक्षा हीं तेथें एका रांगेंत दिसतात. मागाहून मागें घेतलेल्या लेखावर 'रिट्रॅक्टेड' असें स्पष्ट लिहिलेलें असतें; रद्द झालेल्या फेरफारासारखीच त्याची किंमत. उलट, एखाद्या झाडपाल्यावर कांहींच सांपडलें नाहीं तर तो खोटाच ठरला असें होत नाहीं. पण त्यावर विसंबून दवाखाना टाळणाऱ्यानें काय जोखीम पत्करली, तें मात्र उघड होतें. गुरांच्या रोगांवरील लेख येथें पुष्कळ मिळतात. पिकांच्या रोगांसाठीं मात्र ही जागा नव्हे. त्याकरितां संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेची अ‍ॅग्रिस ही निराळी सूचि आहे.

उपयोगी लेख मिळाला कीं त्याच्या नोंदींतील 'पीएमआयडी' हा आंकडा कागदावर उतरून घ्यावा. सर्वे नंबराप्रमाणें तो एकाच लेखाचा असतो. तालुक्याच्या डॉक्टरांपुढें लेखाचें लांबलचक नांव सांगत बसण्याऐवजीं तो कागद ठेवावा. पेटींत तेवढेच आंकडे लिहिले म्हणजे तोच लेख त्यांच्याही समोर उघडतो.