माप चुकले की मापणारा?

राजापूर तालुक्यातील साखरी नाटे बंदरात पावसाळी बंदीच्या दिवसांत बोटी किनाऱ्याला लागल्या की शाफ्ट-बुशची कामे निघतात. मालक म्हणतो, शाफ्ट ढिला आहे; टर्नर म्हणतो, मापात आहे. व्हर्निअर दोघांच्याही हाती असतो आणि खोटे कोणीच बोलत नसते. अशा वेळी शाफ्टच्या आधी मापणे तपासावे, असे आम्ही कारागीर बांधवांना सुचवितो.

एकाच मापाचे पाच शाफ्ट घ्यावेत, क्रमांक घालावेत, मापण्याची जागा खडूने आखावी. दोन कारागिरांनी ते उलटसुलट क्रमाने, एकमेकांचा कागद न पाहता मापावेत. प्रत्येक शाफ्टच्या दोन मापांतील फरक लिहावा. समजा, फरक 0.02, 0, 0.04, 0.02 आणि 0.02 मिलिमीटर आले. सरासरी 0.02. तिला 1.19 ने भागावे. पाच नग व दोन माणसे यांसाठी संख्याशास्त्राच्या तक्त्यात हाच आकडा दिलेला आहे. उत्तर सुमारे 0.017, त्याची सहा पट 0.10. एवढे आपले मापणे हलते. आता चालणाऱ्या मोठ्यात मोठ्या व लहानात लहान मापांतील अंतरही 0.10 च असेल, तर सारी मुभा मापण्यानेच खाल्ली! चांगला नग परत येतो, वाईट बोटीत बसतो आणि मजुरी बुडते ती वेगळीच.

मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांत हे प्रमाण मुभेच्या 10 टक्क्यांच्या आत असल्यास उत्तम मानतात. 30 पर्यंत काम पाहून चालवितात, त्यापुढे नाकारतात. तेथे बहुधा दहा नग, तीन माणसे आणि प्रत्येकाची दोन-तीन मापे घेतात. त्यामुळे एकाच माणसाचे माप बदलते की माणसामाणसांत फरक पडतो, हेही कळते. आमच्या पाच शाफ्टच्या रीतीत ते उलगडत नाही, पण दुकानापुरते काम भागते.

तेच शाफ्ट मायक्रोमीटरने मापले आणि फरक 0.01, 0, 0, 0.01, 0 आले, तर हिशेब 20 टक्क्यांवर उतरतो. मात्र नुसते हत्यार बदलून भागत नाही. कोणी जबडा दाबून मापतो, कोणी हलका धरतो. लेथवरून उतरलेला 40 मिलिमीटरचा पोलादी शाफ्ट 30 अंश जास्त गरम असेल, तर तेवढ्यानेच सुमारे 0.014 ने फुगलेला असतो. खाऱ्या हवेचा गंज तर आपल्याकडे सदाचाच.

दोघांची मापे जुळली तरी दोघेही सारखेच चुकत असतील. मासळीच्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो. व्हर्निअरवर पहारा आपलाच. त्यासाठी प्रयोगशाळेतून तपासून आणलेली एक पिन तेल लावून डब्यात ठेवावी आणि रोज काम सुरू करण्यापूर्वी ती मापून आकडा वहीत लिहावा.