दिसले म्हणून घ्यावे का?



समोरची व्यक्ती बेसावध असते, तेव्हाच आपल्या प्रामाणिकपणाची खरी परीक्षा होते. आजच्या पाठासाठी घेतलेले उदाहरण जुगाराच्या टेबलावरचे आहे. जुगार शिकवण्याचा हेतू अर्थातच नाही, पण हा प्रश्न तिथे अगदी स्पष्ट दिसतो.

टेबलावर काय घडते?

ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळात 21 च्या जवळ जायचे असते, पुढे नाही. पत्ते वाटणारा डीलर स्वतःसाठी एक पत्ता उघडा आणि एक पालथा ठेवतो. बेरीज 16 किंवा कमी असेल, तर त्याला आणखी पत्ता घ्यावाच लागतो. पालथा पत्ता सरकवताना त्याने तो थोडा उंच धरला, तर ठरावीक जागी बसलेल्या खेळाडूला तो दिसून जातो.

समजा, डीलरचा उघडा पत्ता 10 आहे आणि तुमची बेरीज 14. एरवी तुम्ही आणखी एक पत्ता घेतला असता. पण पालथा पत्ता 6 आहे हे दिसले, तर तुम्ही थांबाल. कारण 16 वर डीलरला पत्ता घ्यावाच लागेल आणि 13 प्रकारच्या पत्त्यांपैकी 8 प्रकारचे पत्ते त्याला 21 च्या पुढे नेतील. एका नजरेने सगळा हिशेब उलटतो.

कायदा काय म्हणतो?

अमेरिकेतील नेवाडा राज्यात, आपल्या जागी बसून उपकरणाशिवाय पत्ता दिसला तर ती फसवणूक मानली जात नाही. उपकरणांवर मात्र तिथे 1985 पासून बंदी आहे.

लंडनमधला एक खटला याच्या पुढे जातो. 2012 मध्ये फिल आयव्ही हा प्रसिद्ध खेळाडू क्रॉकफर्ड्स क्लबमध्ये पुंतो बांको या खेळात सुमारे 77 लाख पौंड जिंकला. पत्त्यांच्या पाठीवरील नक्षीतला बारीक फरक त्याला ओळखू येत होता. अंधश्रद्धेचे निमित्त सांगून काही पत्ते फिरवून ठेवायला लावले गेले आणि डीलरने नकळत तसे केले. क्लबने जिंकलेली रक्कम दिली नाही. 2017 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ही फसवणूकच ठरवली. आपण फसवत नाही असे आयव्हीला मनापासून वाटत होते, हे मान्य करूनही! प्रामाणिकपणा सामान्य सज्जन माणसांच्या कसोटीवर तपासायचा, स्वतःच्या समजुतीवर नाही, असे न्यायालयाने सांगितले.

आपण काय शिकावे?

कायद्याने मोकळे सोडले, तरी मनाचा प्रश्न उरतो. डीलरच्या चुकीवर कमाई करणाऱ्याला रोज नवा चुकणारा डीलर शोधावा लागतो. थकलेला, नवखा, घाईतला माणूस दिसला की त्याला आनंद होतो. चूक उघडकीला आली, तर जाब त्या नोकरदाराला द्यावा लागतो. पैशापेक्षा मोठे नुकसान इथे आहे: दुसऱ्याची दुर्बलता ही आपली संधी वाटू लागते.

आपले टेबल वेगळे असते, एवढेच. दुकानदाराने जास्त परत केलेले सुट्टे पैसे, बिलात लावायची राहिलेली वस्तू, शेजारच्या उत्तरपत्रिकेतली ओळ. हे सारे आपल्याला ‘सहज दिसलेलेच’ असते.

या आठवड्याचा अभ्यास

असा प्रसंग आला की स्वतःला एकच प्रश्न विचारा: “मला हे दिसले आहे, असे मी समोरच्याला आत्ता सांगू शकेन का?” उत्तर ‘नाही’ आले, तर तो लाभ सोडून द्या. रात्री वहीत दोन ओळी लिहा: काय दिसले आणि मी काय केले.