सूर धरणाऱ्यांकडून शिकलेलं

धाराशिव जिल्ह्यात वाढलेल्या माणसाच्या कानावर तबल्याआधी संबळ पडतो. पुढे मी शास्त्रीय गाणं शिकले, पण त्यातल्या काही गोष्टी मला तुळजापूरच्या गोंधळ्यांनी आणि तेरच्या भजनकऱ्यांनीच उमजवल्या.

१. एकच सूर धरून ठेवणं हेही गाणंच आहे. गोंधळात नायक आख्यान रंगवतो, तेव्हा मागे साथ धरणारा झीलकरी तुणतुण्याच्या एका तारेवर सूर छेडत राहतो. नायक कथेत कितीही दूर गेला, तरी त्याला परतायला जागा असते ती त्या सुरामुळे. गुरूंच्या मागे तानपुरा घेऊन बसले, तेव्हा हे नव्याने जाणवलं.

२. साध्या वाटणाऱ्या सुरामागे मोठी कारागिरी असते. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतातला. पण नाद फुलतो तो घोडीवर तारेखाली सरकवलेल्या सुताच्या दोऱ्याने. तो केसभर सरकला की जवारी, म्हणजे तारेची गुंज, बिघडते. एवढ्याशा दोऱ्यावर सगळी मैफल उभी असते, याचं मला अजून नवल वाटतं.

३. वाद्य लावणं हा रियाजाचाच भाग आहे. दमट हवेत संबळाचं कातडं सैल पडतं, मग त्याला शेक द्यावा लागतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला दर वेळी ताजी कणीक लावायची आणि वाजवून झालं की काढायची. तबल्याचे गट्टे हातोडीने ठोकत सूर मिळवायचा. हे करताना वादक जितका एकाग्र असतो, तितकीच एकाग्रता मला आलापाच्या पहिल्या षड्जाला हवी असते.

४. सूर कुणा एकाचा नसतो. तेर म्हणजे संत गोरोबाकाकांचं गाव, भजन इथल्या मातीतच आहे. आमच्याकडे हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. पहारा बदलला की ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि घेणारा आधी नमस्कार करतो. आपण गातो तो सूरही आधी कुणीतरी सांभाळून आपल्या हाती दिलेला असतो, हे त्या नमस्काराने मला शिकवलं.

५. शास्त्र आणि लोकपरंपरा यांच्यात आपण मानतो तेवढी भिंत नाही. उमरग्याच्या पलीकडे कल्याणी ही चालुक्यांची राजधानी होती. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात गोंडली नृत्याचा उल्लेख आहे आणि अभ्यासक गोंधळाचं नातं तिथवर नेतात. राजाच्या ग्रंथात जिला जागा मिळाली, त्या कलेला केवळ ‘लोककला’ म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही.

६. साथ करायला ऐकणारा माणूसच लागतो. आता मोबाइलच्या अ‍ॅपवर तानपुरा वाजतो, रियाजाला तो उपयोगीही पडतो. पण गायकाचा श्वास अपुरा पडतोय हे त्याला कळत नाही. झीलकऱ्याला कळतं आणि तो ओळ उचलून धरतो. मैफलीच्या पत्रिकेत गायक, तबला, पेटी यांची नावं असतात, तानपुऱ्याचं बहुधा नसतं. म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी आधी तानपुऱ्यावर बसवते, आणि कार्यक्रम कुठलाही असो, त्यांचं नाव पत्रिकेत छापून घेते.