मित्राच्या आजारपणासाठी निधी : भावनेबरोबर हिशेबही हवा

पौड किंवा पिरंगुटच्या बाजारात एखाद्या दुकानदार बंधूला कॅन्सर झाल्याचे कळले की पहिल्या आठवड्यात मदत धावून येते. ऑपरेशन पार पडते. पुढे कित्येक महिने केमोथेरपी चालते, रेडिएशनसाठी रुग्णालयाजवळ राहावे लागते, आणि नेमके तेव्हाच देणारे हात थकलेले असतात. उपचार अर्धवट सुटण्याचा धोका इथेच असतो. म्हणून धंद्यासाठी भांडवल उभारतो त्याच शिस्तीने हा निधी उभारावा.

पहिली गोष्ट, अंदाजपत्रक. डॉक्टरांकडून संपूर्ण उपचाराचा खर्च लेखी घ्यावा. त्याला प्रवास, मुक्काम, मुलांची फी, घरखर्च आणि दुकानाचे भाडे जोडावे. एकूण रकमेचा आकडा समोर असला की मागणाऱ्याला संकोच वाटत नाही आणि देणाऱ्याला शंका राहत नाही.

दुसरी गोष्ट, हक्काचा पैसा आधी. २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली आणि आज महात्मा फुले जन आरोग्य योजना म्हणून चालणारी राज्याची योजना कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. मात्र प्रत्येक रुग्णालय आणि प्रत्येक उपचार तिच्यात येत नाही. दाखल होण्यापूर्वीच तेथील आरोग्यमित्राला विचारावे. धर्मादाय रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला अनेक ठिकाणी लागू शकतो. पौडच्या तहसील कार्यालयात त्याचा अर्ज पहिल्याच दिवशी करावा.

परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. आज ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. तेथे सर्वसाधारण वर्गाचे दर कमी असतात, आणि समाजसेवा विभाग गरजू रुग्णांना ट्रस्टच्या मदतीचा मार्ग दाखवतो. मुक्कामासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. रेल्वे कॅन्सर रुग्णाला उपचाराच्या प्रवासात भाड्यात सवलत देते. त्यासाठी रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते.

तिसरी गोष्ट, हप्ता. एवढे करूनही जी तूट उरेल तेवढीच मित्रांकडे मागावी. एकरकमी देणगीपेक्षा महिन्याचा शब्द घ्यावा. दहा मित्रांनी दरमहा २ हजार दिले तर वर्षात २ लाख ४० हजार होतात. कोणाच्या गल्ल्याला धक्का लागत नाही आणि शेवटच्या केमोपर्यंत पैसा पुरतो.

चौथी गोष्ट, वही. जमलेली रक्कम ही अमानत आहे. तिघांनी जबाबदारी घ्यावी, प्रत्येक रुपयाची पावती द्यावी आणि दरमहा हिशेब दाखवावा. जकातीची रक्कम वेगळी लिहावी. तिचे नियम वेगळे आहेत, त्याबाबत आलिमांना विचारावे. उपचाराचे पैसे शक्यतो थेट रुग्णालयात भरावेत. मित्रांकडून एका वर्षात ५० हजारांहून जास्त रक्कम मिळाली तर आयकरात ती उत्पन्न धरली जाऊ शकते. जवळच्या नातेवाइकांची मदत त्यात मोडत नाही. म्हणून आधीच कर सल्लागाराला भेटावे. रक्कम उरली तर ती कोणाला द्यायची, हेही सुरुवातीलाच लिहून ठेवावे. हा प्रश्न कडू आहे, पण नंतर विचारला तर जास्त कडू होतो.

पाचवी गोष्ट बहुतेक जण विसरतात, ती म्हणजे दुकान. शटर सहा महिने बंद राहिले तर गिऱ्हाईक तुटते, आणि बरा होऊन आलेला माणूस कर्जात उभा राहतो. मित्रांनी पाळी लावून दुकानात बसावे. पुण्याच्या रविवार पेठेतील घाऊक व्यापाऱ्यांना भेटून उधारीची मुदत वाढवून घ्यावी. कापड धंद्यात आजही शब्दावर माल मिळतो. त्या शब्दाचा उपयोग अशा वेळी करायचा नाही तर कधी?

शेवटी एकच विनंती. मित्राचा फोटो आणि रिपोर्ट मोबाइलवर फिरवण्याआधी त्याची परवानगी घ्यावी. काल उधार देणारा माणूस आज घेणारा झाला आहे. बरा झाल्यावर त्याला याच बाजारात मान वर करून बसायचे आहे.